थोरल्यापेक्षा मोठी मोटर

निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, कुंडीत गुलाब लावतात, नाहीतर सुनेच्या आमटीत मीठ शोधत बसतात. दत्तोजीरावांनी होडी बांधायला घेतली. साधी होडी नव्हे, वर खोली असलेली. खोलीत दोन बाकं, कोपऱ्यात स्टोव्ह ठेवायला कट्टा, आणि पुढे दोन माणसांना ऐसपैस बसता येईल असा ओटा. रेल्वेच्या वर्कशॉपात त्यांनी जन्मभर डब्यांचं लाकूडकाम केलं होतं, त्यामुळे म्हैसूरच्या नझरबाद भागातल्या त्यांच्या घरामागे जे उभं राहिलं ते निम्मं होडी आणि निम्मं थर्ड क्लासचा डबा होतं. खिडक्या तर थेट डब्याच्याच, उचलून वर सरकवायच्या आणि अर्ध्यावर अडकणाऱ्या. सगळ्याच्या खाली रिकाम्या पिंपांच्या दोन रांगा.

या खिडक्यांपैकी स्टोव्हच्या कट्ट्यासमोरची खिडकी त्यांनी सगळ्यांत आधी बसवली होती. भवानीबाईंनी लग्न झाल्यापासून एका भिंतीकडे तोंड करून स्वयंपाक केला होता. तिथून पाणी दिसेल अशी खिडकी देईन, असं दत्तोजीराव कधीतरी तरुणपणी बोलून बसले होते. बाईंना ते आठवत नव्हतं. यांना मात्र आठवत होतं, आणि निवृत्त माणसाला आठवायला वेळही भरपूर असतो.

शेजाऱ्यांनी होडीचं नाव परस्पर ठेवून टाकलं. दसऱ्याच्या गावात वर छत आणि खाली बैठक असलेली वस्तू दिसली की लोकांना दुसरं काय सुचणार? येता जाता कुणी कुंपणावरून विचारायचं, “काय राव, अंबारी झाली, हत्ती कुठाय?”

हत्ती म्हणजे मोटर. अंबारी ट्रॅक्टरवर चढून धरणाच्या बॅकवॉटरकाठी, भवानीबाईंच्या भावाच्या ऊसमळ्याच्या टोकाला जाऊन पोचली आणि तिथे बांबूने ढकलून पाहिली तेव्हा कळलं, की बांबू तळाला टेकतो तोवरच तिचा थाट. पुढे बांबूही पाण्यात आणि ढकलणाराही.

मोटर हयग्रीवाकडे मिळायची. त्याचं पंपसेटचं दुकान होतं, आणि मंगळूरच्या किनाऱ्यावरून तो कोळ्यांनी वापरलेल्या होडीच्या मोटरी आणून, साफ करून विकायचा. तो कन्नडात बोलायचा, दत्तोजीराव मराठीत उत्तर द्यायचे, आणि दोघांचं उत्तम जमायचं. त्याच्याकडे त्या वेळी तीन मोटरी होत्या, एक तीन हॉर्सपॉवरची, एक दहाची, एक पंचवीसची. दत्तोजीरावांनी काढून आणलेलं होडीचं चित्र त्याने दोनदा उलटं आणि एकदा सुलटं धरून पाहिलं.

“पंचवीसची लावली तर मागची बाजू खाली बसेल, आणि बाईसाहेबांचा चहा बशीत न पडता पदरात पडेल,” तो म्हणाला. “तीनची लावली तर वारा नेईल तिकडे जाल. ही दहाची घ्या. पंखा मोठा आहे, सावकाश फिरतो, पण ओढायला बैलासारखी. दांडाही लांब आहे, तुमच्या मागच्या फळीवर नीट बसेल. डोळे मिटून घ्या.”

दत्तोजीरावांनी दहाच्या मोटरीवरून हात फिरवला. दोरी ओढली, सोडली. पंखा बोटाने फिरवून पाहिला. पुन्हा एकदा हात फिरवला आणि म्हणाले, “तीनची द्या.”

हयग्रीवाला वाटलं, राव पैशाला मागे सरतात. तसं नव्हतं. अडचण घराण्याची होती.

यांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात शिलेदार. त्यांनी मागे ठेवलं काय, तर एक तलवार, भिंतीवरची एक ढाल आणि एक रीत. धाकट्याने थोरल्यापेक्षा मोठं जनावर बाळगायचं नाही. रीत का पडली हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ती मोडायची कुणाची छातीही नव्हती. घोडे गेले, रीत राहिली. थोरले बंधू नागोजीराव माउंटेड पोलिसात घोड्यावर होते, तोवर दत्तोजीराव सायकलवर. नागोजीराव घोड्यावरून उतरून स्कूटरवर बसले, तेव्हा कुठे यांनी मोपेड घेतली. आणि थोरल्यांची स्कूटर दुरुस्तीला गेली, की धाकट्यांची मोपेडही विनाकारण घरी उभी, धाकटे पिशवी हलवत पायी बाजारात. मोपेडला काय झालं, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, “अण्णांची स्कूटर आजारी आहे.”

ही स्कूटर सहा-सात हॉर्सपॉवरची असेल. दहाची मोटर घ्यायची म्हणजे थोरल्याच्या डोक्यावरून उडी मारायची.

“अहो, पाण्यातल्या जनावराला कसली रीत?” भवानीबाई म्हणाल्या. “उद्या मगर पाळली तर तीही भावोजींना विचारून पाळणार?”

“घोड्यांतच मोजतात ना ती? मग झालं. जनावर ते जनावर.”

बाई हसल्या, पण फार नाही हसल्या. वडील गेले तेव्हा नागोजीरावांनी शाळा सोडून पोलिसाचा पट्टा बांधला होता, तो दत्तूने वर्कशॉपची परीक्षा द्यावी म्हणून. ते सगळ्या घराला ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. अशा माणसासमोर दहा घोडे घेऊन उभं राहायला दत्तोजीरावांना लाज वाटत होती. रीत हे त्या लाजेला घातलेलं नुसतं पांघरूण.

तर तीनची मोटर आली आणि एका दुपारी अंबारीला लागली. भवानीबाईंनी खिडकीसमोर स्टोव्ह पेटवून चहाचं आधण ठेवलं. दत्तोजीरावांनी दोरी ओढली. मोटरीने शिट्टीसारखा बारीक सूर धरला आणि होडी खरोखर निघाली. काठावरचा ऊस मागे सरकला, बाईंनी खिडकीतून पाणी पाहिलं आणि “अय्यो, बरं दिसतंय की हो!” असं म्हणून चहात साखर जरा जास्तच टाकली.

मग वारा सुटला. बॅकवॉटरवर दुपारी तो सुटतोच. रेल्वेच्या डब्याएवढी भिंत त्याला आयतीच मिळाली. मोटर जीव तोडून गात होती, दत्तोजीराव पुढे झुकून बसले होते, जणू त्यांच्या झुकण्याने वेग वाढणार होता.

“अहो,” आतून आवाज आला, “ते चिंचेचं झाड मघाशी मागे गेलं होतं ना?”

“हं.”

“मग आता पुन्हा पुढे कसं आलं?”

थोड्या वेळाने चिंचेच्या मागून उसाचा मळाही आला आणि अंबारी जिथून निघाली तिथेच चिखलात येऊन टेकली, मोटर अजून पुढेच चाललेली. बाईंनी खिडकीतून चहाचा कप बाहेर दिला. “मोटर गेली असेल हो पलीकडे,” त्या म्हणाल्या. “आपणच मागं राहिलो.”

त्या दिवशी दत्तोजीरावांना कळून चुकलं, की एकतर ही होडी जन्मभर काठाला दोर लावून, चहाच्या टपरीसारखी उभी राहणार, नाहीतर त्यांना थोरल्यासमोर तोंड उघडावं लागणार. त्यांची एवढीच इच्छा होती, की विजयादशमीला सीमोल्लंघन करायचं ते पाण्यावरून करायचं, बाईंना खिडकीशी बसवून पलीकडच्या काठाला जायचं. जन्मात स्वतःसाठी मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट असेल. आणि ती मागायला थोरल्याच्या दारात जाताना त्यांचे पाय शाळकरी पोरासारखे जड झाले.

नागोजीरावांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. ते ओट्यावर पाठ ताठ ठेवून बसले होते. घोड्यावरून उतरून इतकी वर्षं झाली तरी बसणं अजून घोड्यावरचंच. बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये, करड्या ताडपत्रीखाली स्कूटर उभी होती.

“अण्णा, एक विचारायचं होतं.”

“विचार.”

“होडीची मोटर. हयग्रीव म्हणतो, जरा मोठी...”

“आयुधपूजा झाली की बघू,” नागोजीराव घाईने म्हणाले. “आणि हे बघ दत्तू, या वर्षी स्कूटर धुवायला येऊ नकोस. मीच धुईन.”

दत्तोजीराव चपापले. आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, सकाळी थोरल्याचं वाहन धाकट्याने धुवायचं, ही पण रीतच. आजवर एकदाही चुकली नव्हती. अण्णांच्या कानावर दहाच्या मोटरीची बातमी आधीच गेली आणि ते रागावले, असंच त्यांनी धरलं. घरी येऊन ते बाईंना म्हणाले, “संपलं. मला धुवायला पण नको म्हणाले.”

“नको म्हणाले तर झोपा उशिरापर्यंत. सण आहे.”

पण पूजेच्या सकाळी दत्तोजीरावांना राहवलं नाही. बादली आणि फडकं घेऊन ते उजाडताच थोरल्यांच्या शेडमध्ये शिरले. अण्णा उठायच्या आत स्कूटर लख्ख धुऊन ठेवायची, म्हणजे राग जाईल, असा त्यांचा साधा हिशेब. त्यांनी ताडपत्री उचलली.

खाली स्कूटर नव्हती. वेताच्या दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या होत्या. त्यांच्यावर सीटच्या उंचीला धान्याचं रिकामं पोतं, पुढे उलटी घातलेली घागर, आणि घागरीवर जरा तिरकं बांधलेलं मुसळ, हँडलच्या जागी. काम इतकं नेटकं केलेलं होतं, की ताडपत्री घातल्यावर मेकॅनिकही फसला असता. दत्तोजीराव बादली हातात घेऊन बघतच राहिले. त्यांना आधी हसू आलं, मग ते मावळलं.

मागे बांगड्या वाजल्या. वहिनी, अंबुजाबाई, हाताला रांगोळी लागलेली तशाच उभ्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“स्कूटर उन्हाळ्यातच गेली, भावोजी. भाच्याला देऊन टाकली,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, समोरचं दिसत राहील, पण कडेचं गेलं ते गेलं. संतेपेटेच्या बाजारात एका बाईची भाजीची टोपली उडवली. टोमॅटोवरच निभावलं, पण दुसऱ्या दिवशी यांनी स्वतःहून किल्ली दिली.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुम्हाला सांगितलं तर तुम्ही मोपेड सोडाल. थोरल्याकडं काही नाही म्हटल्यावर धाकट्याकडं कुठलं? म्हणाले, दत्तूचे गुडघे आधीच कुरकुरतात, बाजारापर्यंत चालणार कसा तो? मला म्हणाले, तू सुम्ने राहा, बोलू नकोस कुणाला. राहिले बापडी सुम्ने.”

दत्तोजीरावांनी ताडपत्री पुन्हा नीट घातली. घालता घालता हलून वाकडं झालंय असं वाटून मुसळ नीट सरळ केलं, आणि भरलेली बादली तशीच घेऊन घरी आले. रस्ताभर ती हिंदकळत राहिली. घरी पोचले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं आणि डोळेही कोरडे नव्हते.

सगळं ऐकून भवानीबाईंनी कपाळावर हात मारला. “तुम्ही दोघं भाऊ म्हणजे धन्य आहात. एक खुर्चीला स्कूटर म्हणतो, दुसरा शिट्टीला मोटर म्हणतो.”

“आता मोटर नकोच,” दत्तोजीराव म्हणाले. “अण्णा पायी, तर मी पायी. होडी राहू दे बांधलेली. तुला खिडकी आहे ना? पाणी दिसतं ना? झालं.”

बाईंनी पुरणाचं पातेलं खाली उतरवलं. खिडकीचं ते जुनं बोलणं त्यांना आता आठवलं, आणि ते यांच्या मनात अजून होतं, हेही त्या क्षणी पहिल्यांदाच कळलं. त्यांनी पदराने नाक पुसलं, पण आवाजात काही दिसू दिलं नाही. “थोरल्याकडं जनावर नाही, हीच अडचण ना?” त्या म्हणाल्या. “मग थोरल्याकडं जनावर येऊ दे की. तुमचं कुठं काय जातंय?”

दत्तोजीरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्याच ओल्या धोतरावर मोपेडकडे धावले. घाईला कारण होतं. आयुधपूजेला हत्यार, अवजार, यंत्र एकदा कुंकू लावून पूजेला बसलं, की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला जागचं हलवत नाहीत. हयग्रीवाचं दुकान धुऊन झालं होतं, पंपांना झेंडूच्या माळा पडल्या होत्या, आणि तो गंधाची वाटी घेऊन एकेका यंत्राला बोट लावत पुढे सरकत होता. त्याचं बोट दहाच्या मोटरीच्या अगदी जवळ पोचलं, तेवढ्यात दारातून आरोळी आली.

“बेडा! बेडा! तिला लावू नका!”

हयग्रीव दचकला आणि गंध स्वतःच्याच शर्टाला लागलं. “अहो राव, सणासुदीला नको नको म्हणून काय ओरडताय?”

“ती माझ्या भावाची आहे,” दत्तोजीराव धापा टाकत म्हणाले. “तिची पूजा आमच्याकडे व्हायची आहे.”

मोपेड तात्पुरती दुकानापाशी राहिली. रिक्षात मोटर मध्ये आणि दत्तोजीराव तिला धरून कडेला, अशी ती वरात नागोजीरावांच्या दारात पोचली, तेव्हा पूजेची मांडणी झाली होती. पाटावर तलवार, तिला झेंडू, पुढे कापायला कोहळं. नागोजीराव पांढरा फेटा बांधून उभे होते आणि एक मोठा हार घेऊन शेडकडेच निघाले होते.

“स्कूटरची ताडपत्री काढायची नाही यंदा,” ते कुणी न विचारताच म्हणाले. “मेकॅनिकने सांगितलंय. रंग ओला आहे.”

“नका काढू,” दत्तोजीराव म्हणाले. रिक्षावाल्याच्या मदतीने त्यांनी मोटर उतरवली आणि तलवारीशेजारी, जिथे दरवर्षी स्कूटर उभी राहायची तिथे, लाकडी घोडीवर टांगली. “अण्णा, ही तुमची मोटर.”

“माझी?”

“होडी माझी. मोटर थोरल्याची. एवढं मोठं जनावर मी कसं बाळगू?”

नागोजीराव मोटरीभोवती फिरले, घोडा घेताना फिरावं तसे. मान थोपटली. खाली वाकून दांड्यावरून हात नेला आणि पंख्याची पाती खुरासारखी एकेक तपासली. त्यांना नीट दिसावं म्हणून दत्तोजीराव समोरून बाजूला झाले.

“किती घोडे?”

“दहा.”

“माझ्याखाली जन्मभर एकच होता. तोही चावायचा.” त्यांनी हातातला मोठा हार शेडकडे न नेता मोटरीच्या गळ्यात घातला. “आणि तुझी मोपेड?”

“दोनच्याही आतली.”

“मग हरकत नाही,” नागोजीराव म्हणाले आणि कोहळं कापायला सुरी मागितली.

विजयादशमीला सगळं म्हैसूर मिरवणुकीच्या रस्त्यावर लोटलेलं असताना ही चार माणसं उलट्या दिशेच्या बसमध्ये बसून बॅकवॉटरवर गेली. बसच्या टपावर मोटर, तिच्या गळ्यात कालचाच हार. अंबारीच्या मागच्या फळीवर ती अगदी नीट बसली. दत्तोजीरावांनी दोरी ओढली, मोटर जाड आवाजात घुमायला लागली, आणि त्यांनी उठून जागा मोकळी केली.

“अण्णा, या. जनावर तुमचं आहे.”

नागोजीराव बसले, फेटा सावरला आणि मोटर वळवायची दांडी हातात घेतली. पण दांडी म्हणजे लगाम नव्हे. लगाम डावीकडे ओढला की घोडा डावीकडे वळतो, ही दांडी डावीकडे ओढली की होडी उजवीकडे. नागोजीरावांचा हात जन्मभर एकच भाषा शिकलेला. ते ओढत गेले आणि अंबारी स्वतःभोवती फिरत गेली. चिंच आली, ऊस आला, पुन्हा चिंच आली.

“लगाम उलटा बसवलाय याने!” नागोजीराव ओरडले.

“आयतु, प्रदक्षिणा झाल्या,” खिडकीतून भवानीबाई म्हणाल्या. “आता देवळाबाहेर निघा, भावोजी. भजी तळायची आहेत.”

अंबुजाबाई हसून हसून बाकावर आडव्या झाल्या. नागोजीरावांनी दात ओठ खात दांडी दुसरीकडे लोटली, मग पुन्हा थोडी इकडे, आणि हळूहळू हाताला समजायला लागलं. होडीचं तोंड पलीकडच्या काठाकडे लागलं. वारा नेहमीप्रमाणे सुटला, डब्याच्या भिंतीवर थाप मारून पाहिली, पण या वेळी होडी बधली नाही. मोठा पंखा सावकाश पाणी मागे लोटत होता.

काठ दूर गेल्यावर नागोजीराव पुढेच बघत, हळूच म्हणाले, “दत्तू, कडेला काय आहे ते सांगत जा मला.”

“पाणी आहे, अण्णा,” दत्तोजीराव म्हणाले. “दोन्ही कडेला नुसतं पाणीच आहे. कुठेही न्या.”

नागोजीरावांनी मान हलवली आणि मूठ पिळून मोटरीचा वेग वाढवला. आत स्टोव्हसमोर भवानीबाई भजी सोडता सोडता मध्येच थांबून खिडकीबाहेर बघत होत्या. पहिला घाणा करपला. तो सगळ्यांनी वाखाणून खाल्ला.

पलीकडे उतरून त्यांनी एकमेकांना सोनं म्हणून बन्नीची, म्हणजे शमीची, पानं दिली, वाकून नमस्कार झाले, आणि उन्हं कलायच्या आत अंबारी परत उसाच्या मळ्याला लागली. येताना दांडी दत्तोजीरावांच्या हातात होती. थोरल्यांनीच दिली होती, “जनावर माझं, पण दमलोय मी,” असं म्हणून.

दोर बांधून झाल्यावर नागोजीरावांनी आपल्या कापडी पिशवीतून एक करडी घडी काढली, झटकली, मोटरीवर घातली आणि खालून गाठी मारायला लागले. दत्तोजीरावांनी ती ओळखली.

“अण्णा, ही तर स्कूटरची ताडपत्री.”

“हो. आता हिलाच लागेल. खुर्च्या बसायला काढल्यात.” नागोजीरावांनी शेवटची गाठ आवळली. “मुसळ मी तिरकं बांधलं होतं, दत्तू. स्कूटर लॉक केली की हँडल तिरकं राहतं. काल सकाळी बघतो तर सरळ.”

दत्तोजीरावांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. थोरल्यांनी मात्र त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पिशवी काखोटीला मारून ते बसच्या रस्त्याला लागले, आणि चार पावलं गेल्यावर थांबले.

“मोपेड सोडायची नाहीस तू,” ते म्हणाले. “उद्या सकाळी बाजारात जायचं आहे. घ्यायला ये. मी मागे बसेन.”